गौरींची सासू

काकू माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नसत. नवा माणूस समोर आला की आधी त्याचं नाक बघत, मग गाल, मग हनुवटी, आणि हे सगळं तपासून झालं की कामाचं विचारत. खडकीत त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने बघायला आम्ही नवराबायको गेलो, तेव्हा मी दारात उभी राहून आमची माहिती सांगत होते. आम्ही अमरावतीचे, दोघंही कॉम्प्युटर कंपनीत, येण्याजाण्याची वेळ काही खरी नाही. काकूंनी त्यातलं किती ऐकलं कोण जाणे. मला निरखून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हनुवटी छान आहे तुमची. नाक मात्र देवाने दिवेलागणीला केलेलं दिसतंय, घाईत." माझ्या नवऱ्याला हसू आवरेना, तेव्हा काकूंनी त्याच्याकडे मोर्चा वळवला. "यांचं नाक सुरेख आहे. पण पुरुषाला काय करायचंय!" एवढ्या मुलाखतीवर खोली आम्हाला मिळाली.

काकू गौरींचे मुखवटे करायच्या. बाजारामागच्या बोळात खाली दोन खोल्या, त्यातली पुढची म्हणजे कारखाना, दुकान आणि बैठक. अप्पा, म्हणजे त्यांचे यजमान, दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. शाडूची माती मळायची, साच्यात दाबायची, वाळलेला मुखवटा पॉलिश पेपरने घासायचा आणि त्याला पांढरा हात द्यायचा, ही कामं त्यांची. पुढचं सगळं काकूंचं. अंगाचा रंग, ओठ, भुवया आणि शेवटी डोळ्यांची आखणी. अप्पा फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "आयुष्यभर जे केलं ते फुटावं म्हणून केलं. आता फुटू नये म्हणून जपतोय."

डोळ्यांच्या बाबतीत काकूंचा एक कायदा होता. बाकीचं कोणीही करा, बुबुळ काकूच काढणार. बुबुळाचा काळा ठिपका पडला की डोळे उघडले, आणि डोळे उघडलेली गौर पुन्हा पुसायची नाही, उताणी ठेवायची नाही, तिच्यासमोर भांडायचं नाही. अप्पांनी आयुष्यात हजारो मुखवटे घासले असतील, पण त्यांच्या हातात तो बारीक ब्रश मी कधी पाहिला नाही. एकदा काकू तापाने पडल्या होत्या आणि सण तोंडावर आला होता. अप्पांनी चाचरत विचारलं, "मी देऊ का ठिपके?" काकू अंथरुणातून म्हणाल्या, "द्या की. मग देवीला जन्मभर कारखान्याचा भोंगा ऐकल्यासारखा चेहरा घेऊन बसू दे." दुसऱ्या दिवशी ताप अंगावर घेऊन त्या स्वतः पाटावर बसल्या.

त्यांच्या तोंडात 'विकली' हा शब्द नव्हता. गौर 'गेली' म्हणायच्या. "त्या जोशीबाईंची गेली का हो?" "हो, सकाळीच गेली." नव्या माणसाला वाटावं घरात काही अघटित झालंय. मुखवटा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी त्याला हळदकुंकू लावून, तांदूळ नि सुपारी घालून ओटी भरायची, ही त्यांची रीत. नोकरीवरून धावतपळत आलेल्या एखाद्या पोरीने "काकू, जरा लवकर, रिक्षा थांबलीय" म्हटलं, की काकू आणखी सावकाश ओटी भरत. हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, गौर तीन दिवस माहेरपणाला जाते ना लोकांकडे? मग निघते कुठून? माझ्याकडून. म्हणजे ही खोली तिचं सासर, आणि मी तिची सासू. रिकाम्या ओटीने पाठवली तर नाव माझं जाईल."

मजा अशी, की घरोघरच्या गौरींना तोंड देणाऱ्या काकूंच्या स्वतःच्या गौरींना तोंडच नव्हतं. त्यांच्याकडे कोकणस्थांच्या रीतीप्रमाणे खड्यांच्या गौरी. नदीवर जायचं, सात खडे वेचून तबकात घ्यायचे, आणि वाटेत कोणाशी अक्षर न बोलता, मागे वळून न बघता घरी आणायचे. भाद्रपदात मी पहिल्यांदा त्यांच्या देवघरात डोकावले आणि ते साधे राखाडी खडे बघून चकितच झाले. आमच्या विदर्भात महालक्ष्म्या म्हणजे माणसाएवढ्या उभ्या, भरजरी साड्या, दागिने, पुढ्यात त्यांची मुलं, घर कसं भरून जातं. मी म्हटलं, "काकू, निदान यंदा तरी तुमच्यासाठी एक जोडी करा की." त्यावर त्या म्हणाल्या, "हलवायाच्या घरी रोज जिलबी होते का? आमच्या ह्या बऱ्या. रुसत नाहीत, फुगत नाहीत, आणि रंग उडाला म्हणून परत येत नाहीत."

गिऱ्हाइकांच्या तऱ्हांचा त्यांना विशेष राग. तोवर बाजारात हलक्या फायबरचे, यंत्राने रंग फवारलेले मुखवटे आले होते. एक व्यापारी गाडी घेऊन बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. त्याला बारमाही माल हवा होता, सगळा एकसारखा. काकू म्हणाल्या, "एकसारख्या पाहिजेत तर लोणच्याच्या बरण्या घ्या. झाकणंसुद्धा बसतात." मी कंपनीच्या ईमेलवर त्यांच्यासाठी परदेशातली एक ऑर्डर मिळवली आणि सोबत आलेला मुखवट्याचा फोटो छापून मोठ्या ऐटीत आणून दिला, तर त्यांनी तो हातभर लांब धरला. "हा फोटो आहे की पोस्टाचं तिकीट?" पण मुखवटे केले, ओटी भरून पाठवले, आणि विमानात ओटीतले तांदूळ सांडले तर काय करतात याची पुढे महिनाभर चौकशी केली.

एका वर्षी एक बाई मुखवटा परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "अहो, हिचा एक डोळा तिरळा आहे." काकूंनी मुखवटा हातात घेतला, मान कलती करून बराच वेळ बघितला आणि परत त्यांच्या हातात दिला. "तिरळा नाही. ती तुमच्याकडे लक्ष ठेवून आहे. जरा सांभाळून राहा." आम्ही त्यावर पोट धरून हसलो. अप्पा मात्र हसले नाहीत. ते माझ्या लक्षात राहिलं, पण का लक्षात राहिलं हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढे आम्ही हडपसरपलीकडे मांजरीला फ्लॅट घेतला. गॅलरीतून समोर ऊस, आणि उसाच्या पलीकडे आणखी एक इमारत वर चढत असलेली. त्याच वर्षी अमरावतीला माझे सासरे गेले. सासूबाई एकट्या राहू नयेत म्हणून, वर्षश्राद्ध झाल्यावर तिथलं घर आवरून आम्ही त्यांना पुण्याला आणायचं ठरवलं. ट्रकमध्ये सामान भरताना त्यांनी एकच गोष्ट स्वतःच्या हाताने बांधली, ती म्हणजे घरच्या महालक्ष्म्या. त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलेले ते मातीचे मुखवटे. आमच्याकडे महालक्ष्म्या धान्याने भरलेल्या कोठ्यांवर उभ्या करतात. म्हणून सासूबाईंनी मुखवटे ज्वारीच्या पिंपात घातले आणि वरून काठोकाठ ज्वारी ओतली. धान्यात असल्या म्हणजे त्यांना घरीच आहोत असं वाटेल, हा त्यांचा हिशेब. ट्रकच्या धक्क्यांनी ज्वारी हलत गेली, दबत गेली, आणि मांजरीत पिंप उघडलं तेव्हा आत चेहरे नव्हते. ज्वारीत कुठे ओठाचा तुकडा, कुठे अर्धं कपाळ.

सासूबाईंनी ती सगळी ज्वारी सुपाने पाखडली. तुकडा न् तुकडा वेचला, फडक्यात बांधला आणि माझ्या नवऱ्याला ते गाठोडं नदीत सोडून यायला सांगितलं. मग हात धुऊन म्हणाल्या, "सरलं. त्याईले इथं याचं नव्हतं. माह्या हातानं झालं ते बी बरंच झालं. तसंही मले आता त्याईले हात लावाचा नव्हताच." सासरे गेल्यापासून त्यांनी देवघरापासून स्वतःला दूर करून घेतलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या पिढीला सांगावं लागत नव्हतं. त्या दिवसापासून त्या खुर्ची गॅलरीत ओढून उसाकडे बघत बसायच्या. जेवायला हाक मारली की जेवायच्या. आपलं गाव, आपला माणूस आणि आपल्या महालक्ष्म्या, तिन्ही वर्षा-सव्वा वर्षात गेली होती त्यांची. महालक्ष्म्या तरी परत आणता आल्या पाहिजेत, एवढंच मला सुचत होतं.

मी खडकी गाठली. लग्नानंतरच्या पहिल्या सणातल्या एका फोटोत मागे अंधुक दिसणाऱ्या महालक्ष्म्या काकूंना दाखवल्या. त्यांनी जोडी केली. सुंदर केली, यात शंका नाही. श्रावणात मी ती घरी आणून सासूबाईंसमोर ठेवली. त्यांनी वरचं फडकं बाजूला केलं, क्षणभर बघितलं आणि परत झाकलं. "ह्या पुण्याच्या बाया आहेत व माय. हासून ऱ्हायल्या. आमच्या हासत नव्हत्या. पाहत होत्या."

हे काकूंना सांगायचं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालण्यापैकी. पण काकू चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. माझा हात सवयीने गेला. त्यांना घेऊन ये इकडे." डोळे उघडलेली ती हसरी जोडी पुसायचा प्रश्नच नव्हता. ती कुठल्याशा बँकेतल्या बाईंकडे गेली, ओटीसकट.

सासूबाई यायला तयार नव्हत्या. शेवटी मी काकूंचं घर बघायला चला म्हणून त्यांना रिक्षात घातलं. खडकीच्या घरात शिरताच काकूंनी नेहमीची तपासणी केली. फक्त आता त्या सरळ बघत नव्हत्या. मान वळवून, पाखरू बघतं तशा कडेने बघत होत्या. "नाक सुरेख आहे हो आपलं," त्या म्हणाल्या.

"नाकाचं काय करता बाई," सासूबाई म्हणाल्या, "आता नथ बी नाही."

काकूंनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. पाटावर नवी जोडी मांडलेली होती. मोठे चेहरे, मिटलेले ओठ, डोळ्यांच्या पांढऱ्या मोठ्या पाकळ्या. बुबुळं तेवढी राहिलेली. काकूंनी विचारलं, "कशा बघायच्या तुमच्याकडच्या?"

सासूबाई सांगायला लागल्या आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बदलला. "येत तवा येगळ्या दिसत. जेवल्या की येगळ्या. अन् तिसऱ्या दिवशी जाताना डोळ्यात पाणी आल्यावानी. मी नवी नवरी होतो तवा स्वयंपाकात काही चुकलं की पहिले त्याईच्याकडे पाहो. सासूले कळाच्या आंधी त्याईले कळे." बोलताना त्यांचे स्वतःचे डोळे मोठे झाले होते. कितीतरी महिन्यांनी त्या एवढ्या बोलत होत्या.

काकूंनी बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला, टोक बोटावर टेकवून पारखलं, आणि तो सासूबाईंपुढे धरला. "घ्या. बुबुळं तुम्ही द्या."

कोपऱ्यात माती चाळणाऱ्या अप्पांची चाळणी थांबली.

सासूबाई मागे सरकल्या. "नाही नाही. मी कशी? मी आता अशी..." त्यांनी आपल्या मोकळ्या कपाळाला हात लावला.

"अहो, कुंकू नाही लावायचंय तुम्हाला, डोळा काढायचाय," काकू म्हणाल्या. "आणि डोळ्याला नवरा लागत नाही."

मला वाटलं, आता सासूबाई उठून चालू लागतील. त्यांनी पदर सारखा केला. मग ब्रश हातात घेतला, काजळाची काडी धरावी तसा. पहिला ठिपका पडला आणि त्या ओरडल्याच, "चुकलं व माय! बाहेर गेलं!" जोडीतल्या थोरलीचं, ज्येष्ठेचं बुबुळ खरंच जरा कडेला गेलं होतं. काकूंनी मुखवट्याच्या अगदी जवळ तोंड नेलं, मान वळवून बघितलं. "चुकलं नाही. दाराकडे बघतेय ती. सणाच्या घरात कोण येतंय त्याकडे एकीचं लक्ष पाहिजेच." मग सासूबाईंनी उरलेले तिन्ही ठिपके दिले. एकेक देताना श्वास रोखून धरत होत्या. शेवटचा दिला, ब्रश खाली ठेवला, दोघींकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "आल्या." आणि पदर तोंडाला लावून रडल्या. सासरे गेल्यानंतर त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

निघताना काकूंनी दोघींची ओटी भरली आणि सासूबाईंना आपलं सासूपण समजावून सांगितलं. "सासरहून निघाल्यात. नीट जेवूखाऊ घाला, नाहीतर माझ्याकडे येऊन कागाळ्या करतील." सासूबाई म्हणाल्या, "सून कागाळ्या करते. सासूबद्दल करते. माहेराबद्दल नाही करत." काकूंना कोणी असं उत्तर दिलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघून खुसखुसल्या.

त्या वर्षी मांजरीच्या फ्लॅटमध्ये महालक्ष्म्या उभ्या राहिल्या. मी मुखवटे घेऊन लिफ्टने वर आले, दारात सासूबाईंनी कशाच्या पावली आल्या म्हणून विचारलं आणि मी सोन्याच्या पावली म्हणून सांगितलं. सोळा भाज्यांसाठी त्यांनी मला हडपसरच्या मंडईत दोनदा पिटाळलं. सोळाच्या जागी पंधरा चालणार नाहीत, आणि सतराही नाहीत. कुळाचारात एक दाणा इकडचा तिकडे व्हायचा नाही, असा त्यांचा खाक्या परत आला. खुर्ची गॅलरीतून आत आली ती कायमची.

प्रसाद द्यायला खडकीला गेले तेव्हा काकू झोपल्या होत्या. अप्पा मला ओट्यावर घेऊन गेले. म्हणाले, "तिला दिसत नाही गं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. कडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथेच डाग. दोनतीन वर्षं झाली. पुण्याकडचा डोळा तिचा हात सवयीने काढतो, त्याला बघावं लागत नाही. तुमच्या सासूबाईंना हवा होता तो डोळा बघून काढायचा होता. तो तिला जमला नसता." मग म्हणाले, "ब्रश दुसऱ्याला देताना तिला काय झालं असेल ते मला ठाऊक आहे. पण घरी आल्यासारखी निवांत झोपली त्या रात्री." मला तो तिरळा डोळा आठवला, आमचं हसणं आठवलं, आणि अप्पांचं न हसणं.

ती जोडी शेवटची. त्यानंतर अप्पांनी साचे धुऊन माळ्यावर पालथे घातले. गिऱ्हाइकांना काकू सांगत, "सासू थकली. सुनांनी आपापली सोय बघावी."

पुढच्या भाद्रपदात त्यांना नदीपर्यंत जाववेना. लेकीसुना नाहीत. मग खडे आणायचं काम मी मागून घेतलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मुळेच्या काठी गेले, सात खडे तबकात घेतले आणि तोंड मिटून चालू लागले. लष्कराच्या गाड्या खडखडत शेजारून जात होत्या. एक रिक्षावाला बराच वेळ बरोबरीने येत होता. "ताई, कुठं सोडू? ताई, ऐकू येतं का?" शेवटी "मुकी हाय वाटतं बिचारी" म्हणून गेला. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. मग त्यांनी तबकातला एकेक खडा हातात घेतला, अंगठ्याने चाचपला. एका खड्याशी त्यांचा हात थांबला. "ही गेल्या वर्षीचीच बघ. नदीत सोडली होती. परत आली." खरं खोटं त्या नदीला ठाऊक. त्या असेपर्यंत दरवर्षी खडे मीच आणले, आणि दरवर्षी त्यात त्यांना एक तरी ओळखीची सापडायची.

काकू आषाढात गेल्या. अप्पांचा फोन आला, "गेली." त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकताना मला क्षणभर वाटलं, कोणीतरी ओटी भरली असेल ना.

त्यांच्या घरी त्या वर्षी सण नव्हता. तरी गौरी यायच्या दिवशी माझी गाडी आपोआप खडकीकडे वळली. नदीला पाणी भरपूर होतं. काठावरून मी एकच खडा उचलला आणि तोंडातून अक्षर न काढता मांजरीपर्यंत आले. दारात आल्यावर मात्र पाय अडखळले. आत सासूबाईंनी महालक्ष्म्या उभ्या केल्या होत्या, आणि त्यांच्या कुळाचारात सतरावी भाजी चालत नाही, तिथे हा नदीवरचा दगड कुठे ठेवायचा? मी तो गुपचूप खाली, रांगोळीच्या कडेला टेकवला. सासूबाईंनी पाहिलंच.

"हे काय आणलं?"

"काकूंकडची गौर आहे, आई."

त्यांनी वाकून खडा उचलला. तळहातावर घेऊन अंगठ्याने चाचपला. मग माझ्यावर डोळे वटारून म्हणाल्या, "अन् अशी खाली ठेवतं का? सासू आहे थे त्याईची. सासूले पाट दे."

मी पाट आणला आणि दाराकडे बघणाऱ्या ज्येष्ठेच्या अगदी समोर मांडला.